ट्रायला खुलं पत्र: वसुलीच्या वेळी सापडणारा ग्राहक डिपॉझिट परत देताना का सापडत नाही?

ट्रायचे, म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, माननीय अध्यक्ष, सदस्य आणि ग्राहकांचे विषय बघणारे सगळे अधिकारी यांना,

सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात हडपसरला एका छोट्या इंजिनिअरिंग कंपनीत अकाउंट्स बघते. गेली सोळा-सतरा वर्षं हेच काम, बिलं, व्हाउचर, लेजर, पार्टीचं येणं, पार्टीचं देणं. त्यामुळे डिपॉझिट हा शब्द माझ्या रोजच्या कामातला आहे आणि तो कुठल्या बाजूला लिहायचा हे मला कोणी शिकवायची गरज नाही, डिपॉझिट घेतलं की ते घेणाऱ्याच्या पुस्तकात देणं म्हणून बसतं, ते त्याचं उत्पन्न नसतं, ज्या दिवशी व्यवहार संपतो त्या दिवशी ते परत जायचं असतं. एवढं साधं आहे. आणि एवढी साधी गोष्ट आपल्या मोबाईल कंपन्यांकडून करून घेताना माझी दीड वर्षं गेली आणि ते काम अजून अर्धवटच आहे, म्हणून हे पत्र.

आधीच सांगते, तुम्ही वैयक्तिक तक्रारी घेत नाही हे मला माहितीये. १९९७ च्या ट्राय कायद्यात तशी सोय नाही, तुम्ही नियम करता आणि कंपन्या ते पाळतात का ते बघता. म्हणून कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही, माझे दोन हजार मिळवून द्या असंही म्हणत नाहीये, ते मी माझं बघेन. मला तुमच्याशी नियमाबद्दलच बोलायचंय. पण नियम कुठे गळतो ते कळायला काय घडलं ते सांगावं लागेल, जरा लांबेल, वाचा प्लीज.

२००८ ला मी कराडहून पुण्यात नोकरीला आले. तेव्हा पोस्टपेड घेतलं कारण ऑफिसचे फोन करावे लागायचे आणि रिचार्ज संपला की मधेच अडकायला व्हायचं. माझ्याकडे पुण्याच्या पत्त्याचा पुरावा नव्हता, कॉट बेसिसवर राहत होते, घरमालकीण ॲग्रीमेंट करून देत नव्हती, म्हणून मोबाईल कंपनीच्या गॅलरीतल्या, म्हणजे दुकानातल्या, माणसाने सांगितलं की लोकल ॲड्रेस नाही तर डिपॉझिट जास्त लागेल, हजार रुपये. माझा पगार तेव्हा सात हजार होता. हजार दिले. पुढे २०१३ ला कंपनीने तीन आठवड्यांसाठी मस्कतला पाठवलं, तिथल्या ऑफिसची पुस्तकं लावायला, तर इंटरनॅशनल रोमिंग चालू करायला अजून दोन हजार, रिफंडेबल. हा शब्द काउंटरवरच्या मुलीने दोनदा उच्चारला होता, रिफंडेबल आहे मॅडम, रिफंडेबल. ते मी डेबिट कार्डने भरले. म्हणजे माझे एकूण तीन हजार कंपनीकडे.

काही वर्षं बिलाच्या पहिल्या पानावर उजव्या कोपऱ्यात छोट्या अक्षरात सुरक्षा ठेव तीन हजार असं छापून यायचं. मी बघायचे, सवय आहे. मग एका वर्षी बिलाचा नमुना बदलला, रंग बदलला, पानं कमी झाली आणि ती ओळ गेली. तेव्हा मी विचारायला हवं होतं का? माझ्या मते नाही. माझ्या बँकेने पासबुकचा नमुना बदलला म्हणून माझी शिल्लक राहिली का असं मी विचारत नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मी नंबर पोर्ट केला, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलली. घरातल्या सगळ्यांचं एका फॅमिली प्लॅनमध्ये घ्यायचं ठरलं म्हणून, कंपनीवर राग वगैरे काही नव्हता. १९०० ला मेसेज, कोड आला, नवीन सिम, तीन-चार दिवसांत काम झालं. हे पोर्टिंग तुम्ही २०११ च्या जानेवारीत देशभर चालू केलंत आणि त्याचा आम्हाला खरोखर फायदा झाला, हे मनापासून सांगते. चांगलं काम चांगलंच म्हणायचं.

पोर्ट झाल्यावर जुन्या कंपनीचं शेवटचं बिल आलं, ४१२ रुपये. आता माझे तीन हजार त्यांच्याकडे आहेत, त्यांचे ४१२ माझ्याकडे आहेत, आमच्या ऑफिसात असं असलं तर आम्ही वळतं करून उरलेले २,५८८ पार्टीला देऊन टाकतो, दहा मिनिटांचं काम आहे. पण मला मेसेज यायला लागले. पहिला, दुसरा, मग फोन, मग असा मेसेज की बाकी भरली नाही तर तुमचा नंबर बंद होऊ शकतो. आणि ती काही पोकळ धमकी नाही, मी वाचलं, तुमच्याच पोर्टिंगच्या नियमांत आहे की जुन्या कंपनीची बाकी राहिली तर ती नव्या कंपनीला सांगून नंबर बंद करायला लावू शकते. घाबरले मी. बँक, आधार, गॅस, मुलाची शाळा, सगळं त्या नंबरवर आहे. त्याच दिवशी ४१२ भरून टाकले.

इथे क्षणभर थांबून तुम्ही विचार करावा अशी विनंती आहे. कंपनीचे ४१२ माझ्याकडे राहिले तर तिच्या हातात एवढी ताकद आहे की दुसऱ्या कंपनीच्या सिमवरचा माझा फोनसुद्धा ती बंद पाडू शकते. माझे तीन हजार कंपनीकडे राहिले तर माझ्या हातात काय आहे? एक कस्टमर केअरचा नंबर. आणि तोही नाही, कारण १९८ फिरवला तर मी आता नव्या सिमवर असल्यामुळे तो नव्या कंपनीकडे लागतो. जुन्या कंपनीच्या ॲपमध्ये लॉगिन होत नाही कारण मी त्यांची ग्राहक राहिले नाही. वेबसाईटवरच्या फॉर्ममध्ये नंबर टाकला की हा नंबर आमच्या नेटवर्कवर नाही असं येतं आणि फॉर्म पुढे जात नाही. शेवटी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचा त्याच कंपनीचा नंबर आहे, त्याच्या फोनवरून मी १९८ ला फोन केला, जेवणाच्या सुट्टीत, त्याच्या टेबलाशी उभं राहून.

तेव्हा लागू असलेल्या तुमच्या २००९ च्या सेवा दर्जाच्या नियमांत स्पष्ट होतं, कनेक्शन बंद झाल्यावर डिपॉझिट ६० दिवसांत परत, १०० टक्के ग्राहकांना. ऑक्टोबर २०२४ पासून नवीन एकत्रित नियम आलेत, पण दिवस किती हा माझा मुद्दाच नाहीये, साठ असोत नाहीतर कमी असोत, दिवस मोजायला सुरुवात कुठून करायची आणि मोजणं थांबवायचं कधी हा मुद्दा आहे. कारण माझ्या बाबतीत पंचावन्नाव्या दिवशी मला मेसेज आला की तुमचा रिफंड प्रोसेस झाला आहे. प्रोसेस झाला म्हणजे काय झालं? चेक निघाला. कुठे गेला? हडपसरच्या त्या जुन्या खोलीच्या पत्त्यावर, जी मी २०१५ ला सोडली. २०१६ ला मी नवा पत्ता दिला होता, तेव्हाची पोचही आहे, त्यानंतर त्यांचं एक पत्रही नव्या पत्त्यावर आलं होतं. पण चेक गेला जुन्या पत्त्यावर कारण म्हणे रिफंडसाठी केवायसीचा पत्ता धरतात. तिथे कोणी नव्हतं, चेक परत गेला. कंपनीच्या कागदावर मात्र ६० दिवसांच्या आत काम झालं.

कंपन्या दर तिमाहीला तुम्हाला अहवाल द्यायच्या त्यात डिपॉझिट परताव्याचा एक रकाना असायचा. माझा तो परत गेलेला चेक त्या रकान्यात दिलेला म्हणून धरला गेला का? हे मी आरोप म्हणून विचारत नाहीये, मला खरंच उत्तर हवंय. कारण धरला गेला असेल तर तो रकाना भरून काही कळत नाही. पैसे ग्राहकाच्या खात्यात ज्या दिवशी पडतात तोच परताव्याचा दिवस, दुसरा कुठलाच नाही, एवढी एक ओळ नियमात घाला.

आणि चेक का? माझं बिल सात-आठ वर्षं माझ्या बँक खात्यातून ऑटो डेबिटने जात होतं. माझ्या खात्यातून दर महिन्याला पैसे काढायला त्यांना खातं माहीत होतं, आयएफएससी माहीत होता, तारीख माहीत होती. परत द्यायच्या वेळी मला मेल आला की कॅन्सल्ड चेक, पॅन, आधार आणि सही केलेला अर्ज पाठवा. पाठवला. सही जुळत नाही म्हणून परत आला, २००८ ची सही आणि आताची सही, मधे लग्न झालं, आडनाव बदललं. पुन्हा पाठवला, सोबत लग्नाचं सर्टिफिकेट. प्रत्येक वेळी नवीन तक्रार क्रमांक, आणि प्रत्येक वेळी चार-पाच दिवसांनी मेसेज, आपल्या तक्रारीचं निराकरण करण्यात आलं आहे. निराकरण म्हणजे त्यांनी मला मेल पाठवला, बस. असे सहा तक्रार क्रमांक माझ्या डायरीत आहेत.

मे २०२४ ला खात्यात पैसे आले. हजार रुपये.

रोमिंगच्या दोन हजारांचं काय विचारलं तर उत्तर आलं की सिस्टिममध्ये असं डिपॉझिट दिसत नाही, पावती असेल तर पाठवा. आता ही पावती मी तुम्हाला दाखवू शकले असते तर बरं झालं असतं, हातात घेतली की सगळं कळतं. २०१३ ची थर्मल कागदाची पावती आहे, मी ती पारदर्शक पिशवीत फाईलला लावून ठेवली होती, व्यवस्थित, आणि ती पूर्ण कोरी झालीये. पांढरा गुळगुळीत कागद. छापलेलं एक अक्षर राहिलं नाही, रक्कम नाही, तारीख नाही, माझं नावही नाही. राहिलाय फक्त गॅलरीचा गोल शिक्का, जांभळ्या शाईचा, कारण तो हाताने मारलेला होता, आणि त्याखाली त्या मुलीची निळ्या पेनाची छोटी सही. खिडकीशी धरून तिरपी केली तर कुठेतरी दोन आणि शून्य उमटल्यासारखे वाटतात, पण ते मला माहितीये म्हणून दिसतात.

माझ्या कामाची सवय म्हणून त्याच दिवशी मी तिची झेरॉक्स काढून ठेवली होती. ती पाठवली, तर झेरॉक्स चालत नाही, ओरिजिनल पाठवा. ओरिजिनलचा फोटो पाठवला, तर त्यावर काही दिसत नाही. मग मी बँकेत गेले आणि फेब्रुवारी २०१३ चं स्टेटमेंट मागितलं, अकरा वर्षांपूर्वीचं, मला वाटलं मिळणार नाही, पण आठ दिवसांत मिळालं, त्यात ती एंट्री आहे, तारीख, दोन हजार, त्या कंपनीच्या गॅलरीचं नाव. बँकेला सापडलं. ज्यांनी पैसे घेतले त्यांना सापडत नाही. मी अपिलात गेले, तुमच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीत अपील अधिकारी असतो, फी नाही, ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो, आणि दिला त्यांनी वेळेत, तो असा की संबंधित काळाचं रेकॉर्ड आमच्याकडे उपलब्ध नाही, सबब अपील निकाली काढण्यात येत आहे. अपील अधिकारी कंपनीचाच, हे वेगळं सांगायला नको.

मी पुन्हा माझ्या कामावर येते, कारण हे उत्तर मला अकाउंटंट म्हणून सगळ्यात जास्त लागलं. रेकॉर्ड उपलब्ध नाही असं खर्चाच्या बिलाबद्दल एक वेळ समजू शकते, आठ-दहा वर्षांनी जुनी व्हाउचरं नष्ट करतात. पण देणं कसं नाहीसं होईल? देणं दर ३१ मार्चला पुढच्या वर्षात ओढलं जातं. व्हाउचर फाटलं तरी शिल्लक राहते. ती शिल्लक जाते फक्त दोन रस्त्यांनी, एक तर पैसे दिले म्हणून, नाहीतर कोणीतरी एक एंट्री मारून ते देणं संपवलं आणि उत्पन्नात घेतलं म्हणून. आमच्या भाषेत त्याला सन्ड्री बॅलन्सेस रिटन बॅक म्हणतात, ताळेबंद बघणाऱ्या कुणालाही हा शब्द माहीत असतो. या कंपनीने असंच केलं असं मी म्हणत नाही, माझ्याकडे त्यांची पुस्तकं नाहीत. पण तुम्ही मागवू शकता. प्रत्येक कंपनीला विचारा की ग्राहकांच्या डिपॉझिटची शिल्लक दरवर्षी किती होती, किती परत दिली, आणि जी कमी झाली पण परत दिली गेली नाही ती कुठे गेली. तीन आकडे आहेत, ऑडिटरच्या सहीने मागवा.

आणि एक चौथा आकडा. २००७ पासून तुमच्याकडे दूरसंचार ग्राहक शिक्षण आणि संरक्षण निधी आहे. जादा घेतलेले पैसे असोत, डिपॉझिट असो, जे कंपनीला ग्राहकाला परत देता आलं नाही ते त्या निधीत भरायचं. हेतू चांगला आहे, कंपनीने ते पैसे स्वतःकडे ठेवू नयेत. पण परत देता आलं नाही म्हणजे काय, हे कोण ठरवतं? माझ्या केसमध्ये तो चेक परत गेल्यावर मी पाठपुरावा केलाच नसता तर माझे हजार रुपये देता न आलेले ठरले असते. मी कुठे गेले होते? माझा नंबर तोच आहे, २००८ पासूनचा, फक्त कंपनी बदललीये. माझा ईमेल तोच, माझं बँक खातं तेच. ४१२ रुपयांसाठी मी पहिल्या दिवशी सापडले, सकाळी नऊ वाजता आणि रात्री आठ वाजता सापडले. मग तीन हजारांसाठी न सापडणारी ग्राहक मी कशी होऊ शकते?

माझ्या बाबतीत निदान मी जिवंत आहे, भांडू शकते. माझ्या काकांचं सांगते. ते कराडला होते, मुलगा शारजाला, म्हणून त्यांनी पोस्टपेडवर आयएसडीचं डिपॉझिट भरलेलं, दीड हजार. २०२१ च्या मे महिन्यात काका गेले. काकूंनी तीन-चार महिन्यांनी मृत्यूचा दाखला देऊन कनेक्शन बंद केलं, बिल चुकतं केलं. डिपॉझिटसाठी गॅलरीत गेल्या तर सांगितलं, रिक्वेस्ट टाकायला रजिस्टर्ड नंबरवर ओटीपी जाईल तो सांगा. नंबर तर बंद, त्यांनीच बंद केलेला. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, आजी त्याशिवाय स्क्रीन पुढे जात नाही, आणि खरंच जात नव्हती, त्याने स्क्रीन फिरवून दाखवली त्यांना. मग वारसाचे कागद मागितले. काकू दुसऱ्यांदा गेल्या, तिथे दुसरा माणूस, परत पहिल्यापासून. तिसऱ्यांदा मी म्हटलं, मी सुट्टी काढून येते, आपण मिळून जाऊ. तर म्हणाल्या, राहू दे बाई, दीड हजारासाठी दरवेळी नवीन माणसाला त्यांचं नाव घेऊन मयत म्हणून सांगायचं, माझ्याच्यानं होत नाही.

काकूंनी पैसे सोडले नाहीत, त्यांनी तो काउंटर सोडला. तुमच्या कुठल्याही अहवालात ही तक्रार नसणार कारण तक्रार क्रमांकच तयार झाला नाही, ओटीपीच्या आधी तो होत नाही.

मी काही जगावेगळं मागत नाहीये. आमच्याकडे महावितरणचं बिल येतं, त्यांच्याशी आमची बाकीची भांडणं असतात ती वेगळी, पण सुरक्षा ठेव बिलावर छापलेली असते आणि त्या ठेवीवरचं व्याज वर्षाला एकदा बिलातून वजा होऊन येतं, वीज कायद्यातच आहे ते, २००३ च्या, कलम ४७. कोणी अर्ज करत नाही, कोणी कॅन्सल्ड चेक देत नाही. गॅसचं बघा, सिलिंडर आणि रेग्युलेटर परत केला, व्हाउचर दिलं की डिपॉझिट हातात, आमच्या आईने गाव बदलताना केलंय. वीज आणि गॅसला जमतं ते मोबाईल कंपनीला, जिचं सगळं काम कॉम्प्युटरवर चालतं, तिला का जमू नये?

म्हणून माझं म्हणणं एकच आहे की परत देण्याची जबाबदारी, पुरावा ठेवण्याची जबाबदारी आणि ग्राहकाला शोधण्याची जबाबदारी ज्याने पैसे घेतले त्याचीच असली पाहिजे, पूर्णपणे, ग्राहकाकडून एकही कागद न मागता. डिपॉझिट किती आहे ते प्रत्येक बिलावर छापा, नमुना कितीही बदला. कनेक्शन बंद झालं किंवा पोर्ट झालं की शेवटचं बिल त्यातूनच वजा करा, आणि डिपॉझिट शिल्लक असताना नंबर बंद करायची धमकी द्यायला मनाई करा, ही गोष्ट तर तुम्ही उद्या सकाळी एका पत्राने करू शकता. उरलेले पैसे ज्या खात्यातून बिल जात होतं त्याच खात्यात जाऊ देत. ग्राहक पोर्ट होऊन गेला असेल तर त्याच नंबरवर मेसेज करा, तो नंबर चालू आहे. उशीर झाला तर त्या दिवसांचं व्याज त्याच रकमेत आपोआप यावं, मागायला लागू नये. कंपनी म्हणाली डिपॉझिट नव्हतंच तर ते तिने सिद्ध करावं, आणि ग्राहकाने बँकेचं स्टेटमेंट दिलं तर तो पुरावा पुरेसा धरावा, थर्मल कागद जपून ठेवला का असं विचारू नये, तो टिकत नाही हे देणाऱ्याला माहीत असतं. मयत ग्राहकाच्या बाबतीत ठरावीक रकमेपर्यंत मृत्यूचा दाखला आणि जवळच्या माणसाचं आधार एवढ्यावर पैसे द्यावेत, एका फेरीत, ओटीपीशिवाय.

आणि निधीत गेलेल्या पैशांसाठी नाव टाकून शोधता येईल अशी जागा हवी. रिझर्व्ह बँकेने केलंय की, दहा वर्षं न हललेल्या खात्यांचे पैसे त्यांच्या निधीत जातात, पण माणूस नंतर आला तरी त्याला मिळतात, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांनी उद्गम नावाचं पोर्टल काढलं, वेगवेगळ्या बँकांत आपलं काही पडून आहे का ते तिथे नावावरून शोधता येतं. माझ्या वडिलांच्या एका बंद पडलेल्या खात्याचा पत्ता आम्हाला तिथेच लागला. तसंच मोबाईलच्या डिपॉझिटचं करा. १९९५ पासून या देशात मोबाईल आहे, मधल्या काळात कितीतरी कंपन्या आल्या, विकल्या गेल्या, बंद झाल्या, २०१८ ला सेवा बंद केलेल्या कंपन्यांना तर तुम्हीच सांगितलं होतं की प्रीपेडची शिल्लक आणि पोस्टपेडचं डिपॉझिट लोकांना परत करा. त्यातलं किती परत गेलं आणि किती जणांना आपलं काही येणं आहे हेच माहीत नाही, हे एखाद्या पोर्टलवर दिसायला हवं.

मला कोणीतरी म्हणेल ग्राहक आयोगात जा. जाणार आहे, फॉर्म भरून तयार आहे. पण तिथला रस्तासुद्धा किती वर्षं बंद होता बघा, २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की टेलिफोन बिलाच्या वादाला १८८५ च्या तार कायद्याचा लवाद आहे, ग्राहक मंचात येऊ नका, आणि ते दार पुन्हा नीट उघडलं फेब्रुवारी २०२२ मध्ये, जेव्हा कोर्टाने मोबाईल ग्राहकही ग्राहक मंचाकडे जाऊ शकतो असा निकाल दिला. मधल्या बारा-तेरा वर्षांत ज्यांची डिपॉझिटं अडकली त्यांनी काय केलं असेल? बहुतेकांनी सोडून दिलं असेल. आता पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, वकील लागत नाही, सगळं मान्य. पण दोन हजारांसाठी तारखांना जायचं म्हणजे प्रत्येक तारखेला एक दिवसाची रजा, आणि ज्याचा रोजावर पगार आहे त्याला ते परवडतच नाही. दोन हजार, दीड हजार, पाचशे, या रकमा भांडायला छोट्या आहेत आणि सोडायला मोठ्या आहेत. आमच्या ऑफिसात झाडलोट करणाऱ्या मावशींसाठी पाचशे रुपये म्हणजे महिन्याच्या किराण्यातला अर्धा भाग. अशा माणसाने आयोगात जाण्यापेक्षा त्याचे पैसे न मागता परत येतील असा नियम तुम्ही करणं हे जास्त सोपं आहे आणि ते फक्त तुम्हीच करू शकता. २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्यात कंपन्यांनी ऑनलाइन तक्रार निवारण यंत्रणा उभी करायची तरतूद आहे. ती यंत्रणा उभी राहताना एवढं बघा की जो आता ग्राहक राहिला नाही त्यालाही तिच्यात लॉगिन करता आलं पाहिजे, कारण डिपॉझिटची तक्रार नेहमी तोच करतो.

अजून एक, पोस्टपेडवाले कमी आहेत, बहुतेक देश प्रीपेडवर आहे, म्हणून हा विषय मागे पडतो असं मला वाटतं. पण आता डिपॉझिट ब्रॉडबँडच्या राउटरवर आहे, सेट टॉप बॉक्सवर आहे. आमच्या सोसायटीतच दोन भाडेकरू गेल्या वर्षी घर सोडून गेले, राउटर नेणारा माणूस आला, राउटर घेऊन गेला, पोच दिली नाही, आणि आता कंपनी म्हणते राउटर परत आलाच नाही. पोच न देता वस्तू नेऊ नये, एवढंही लिहावं लागेल नियमात, तर लिहा.

या पत्रासोबत मी झेरॉक्स, कोऱ्या पावतीचा दोन्ही बाजूंचा फोटो, बँकेच्या स्टेटमेंटचं ते एक पान, पत्ता बदलल्याची पोच आणि अपिलाचा निकाल जोडून तुमच्या कार्यालयाला पोस्टाने पाठवतेय, रजिस्टर्ड. काकूंनी मृत्यूच्या दाखल्याची एक प्रत मला दिलीये, त्या स्वतः येणार नाहीत पण त्यांचा अर्ज मी लिहिलाय आणि त्यावर त्यांची सही घेतलीये. तोही त्याच पाकिटात आहे. पोच मिळाली की त्यांना फोन करून सांगेन, त्या रोज विचारतात.

आपली,
हडपसरची एक मोबाईल ग्राहक, २००८ पासून त्याच नंबरवर